क्लेर्वोच्या भिंती कोणाच्या?

फ्रान्सच्या ईशान्य भागात, ओब नदीच्या खोऱ्यात, क्लेर्वो नावाचे एक ठिकाण आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती मठांच्या इतिहासात या नावाला फार मोठा मान आहे. १११५ साली संत बर्नार्डने येथे मठ स्थापन केला. १८०८ साली नेपोलियनच्या सरकारने तोच मठ विकत घेऊन त्याचा तुरुंग केला. हा तुरुंग २०२३ साली बंद झाला. म्हणजे ज्या आवारात सुमारे पावणेसातशे वर्षे संन्यासी राहिले, त्याच आवारात पुढे दोनशेहून अधिक वर्षे कैदी राहिले. एकाच तटबंदीने प्रथम संसार बाहेर ठेवला आणि नंतर माणसे आत कोंडली.

आता मोकळ्या झालेल्या या वास्तूचे काय करायचे, हा प्रश्न फ्रेंच शासनापुढे आहे. अशा प्रसंगी एक ठरलेले उत्तर तयारच असते. पहारेकऱ्यांनी आणि कैद्यांनी विद्रूप केलेली पवित्र वास्तू अखेर मुक्त झाली. तिच्यावरची तुरुंगाची पुटे खरवडून काढावीत, बर्नार्डच्या काळातील शुद्ध रूप शक्य तेवढे परत आणावे, आणि देखभालीचा खर्च निघावा म्हणून उरलेल्या जागेत एखादे उंची हॉटेल काढावे, असे हे उत्तर. वरकरणी ते निरुपद्रवी वाटते. वस्तुतः त्यात दोन अपहार दडलेले आहेत. पहिला इतिहासाचा आणि दुसरा सार्वजनिक मालमत्तेचा. दुर्दैव असे की, या दोन्ही अपहारांना डाव्या चळवळीतील एका जुन्या समजुतीचे अजाणता साहाय्य होते. मठ म्हणजे धर्मसत्तेचे अवशेष; त्यांच्या जतनाशी कष्टकऱ्यांच्या राजकारणाचा संबंध काय, अशी ती समजूत. क्लेर्वोचा इतिहास नीट वाचला, तर ही समजूत किती पोकळ आहे ते ध्यानात येते.

प्रार्थना कोणाची, श्रम कोणाचे?

बर्नार्ड ज्या पंथाचा होता तो सिस्टर्शियन पंथ १०९८ साली सितो येथे निघाला. जमिनींच्या खंडावर आणि भाविकांच्या दानावर सुस्तावलेल्या जुन्या मठांविरुद्ध ते एक प्रकारचे बंड होते. संन्याशाने स्वतःच्या हातांनी कष्ट करून जगावे, दुसऱ्याच्या घामाचा खंड घेऊ नये, वस्त्र आणि वास्तू साधी ठेवावी, हा त्या पंथाचा आग्रह. बारा सोबती घेऊन बर्नार्ड ओबच्या खोऱ्यात आला तेव्हा शाँपेनच्या सरदाराने दिलेली जमीन म्हणजे निव्वळ रान होते. कडू दवण्याचे खोरे असे त्याचे जुने नाव. बर्नार्डच्या मंडळींनी त्याला 'प्रकाशाचे खोरे' हे नवे नाव दिले.

परंतु रान तोडणे, द्राक्षमळे लावणे, पाणी अडवून गिरण्या चालविणे ही कामे नुसत्या नामांतराने होत नाहीत. दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थनेला उभे राहणारा संन्यासी दूरच्या शिवारात नांगर धरणार केव्हा? तेव्हा पंथाने एक वेगळा वर्ग आत घेतला. त्यांना श्रमबंधू म्हणता येईल. हे बहुधा शेतकरी-कारागीर कुटुंबांतून आलेले पुरुष. त्यांनीही व्रत घेतलेले, तेही बंधूच. तथापि त्यांची निजण्याची जागा वेगळी, जेवणाची पंगत वेगळी, देवळातील उभे राहण्याचा भागही वेगळा. मठाधिपतीच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. आणि सर्वांत बोलका नियम म्हणजे श्रमबंधूने ग्रंथ बाळगू नये. चार-दोन प्रार्थना मुखोद्गत कराव्यात, त्यापलीकडे काही शिकू नये. महात्मा फुले यांच्या महाराष्ट्रात अक्षरबंदीचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या श्रमबंधूंच्या बळावर मठाची शेतवाडी वाढली. दूरदूरच्या शिवारांत मठाच्या वाड्या उभ्या राहिल्या. श्रमबंधू आठवडाभर तेथे राबत आणि रविवारी किंवा सणाला मठात येत. धान्य, द्राक्षारस, लोखंड या साऱ्यांतून मठाकडे वाढावा साठत गेला. खंड नाकारणारा पंथ जमीनदार बनला, आणि तोही एका पिढीच्या आत. ११५३ साली बर्नार्ड वारला तेव्हा क्लेर्वोच्या शाखा-उपशाखा युरोपभर पसरलेल्या होत्या. बाराव्या-तेराव्या शतकांत अनेक सिस्टर्शियन मठांतून श्रमबंधूंनी बंडे केली, ही गोष्ट भाविक चरित्रग्रंथांतून क्वचितच ठळकपणे येते.

याच मठात एक थोर ग्रंथालयही होते. १४७२ साली मठाधिपती पिएर द विरे याने त्याची यादी करविली. तीत सतराशेहून अधिक हस्तलिखिते नोंदलेली आहेत. त्यांतील मोठा भाग आज त्र्वा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात असून २००९ साली युनेस्कोने या संग्रहाला जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत स्थान दिले. हा ठेवा मोलाचा आहे, याबद्दल दुमत नाही. पण ज्या वासरांच्या कातड्यांवर तो लिहिला गेला ती वासरे कोणी राखली, आणि ज्यांनी ती राखली त्यांना त्यातले एक अक्षरही वाचण्याची मनाई का होती, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या ठेव्याचे मोल पुरते कळत नाही.

आणि इतिहासाचा न्याय पाहा. बर्नार्डच्या मठाचे मोठे देऊळ आज भुईसपाट आहे. बाराव्या शतकातील जी भव्य इमारत शिल्लक राहिली, ती श्रमबंधूंची. खाली कमानींचे कोठार आणि वर निजण्याचे लांबच लांब दालन. २०१५ साली, मठाच्या स्थापनेला नऊशे वर्षे झाली तेव्हा, दुरुस्तीनंतर ती लोकांसाठी पुन्हा खुली करण्यात आली. मध्ययुगीन क्लेर्वो पाहायला येणारा प्रवासी संन्याशांचे गर्भगृह पाहत नाही. तो पाहतो राबणाऱ्यांचे घर. हे त्याला कोणी सांगते की नाही, हाच जतनाचा पहिला प्रश्न आहे.

विध्वंस कोणी केला?

फ्रान्समधील प्राचीन मठ क्रांतीच्या दंगलखोर जमावाने उद्ध्वस्त केले, असे उजव्या विचाराचे इतिहासकार आजही मोठ्या हिरीरीने सांगतात. काही ठिकाणी तोडफोड झाली हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु क्लेर्वोपुरते बोलायचे तर तारखाच या आरोपाला उत्तर देतात.

२ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्रीय सभेने धर्मसंस्थेची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. पुढच्या फेब्रुवारीत मठव्रतांना कायद्याने असलेली मान्यता संपली. येथवरची पावले योग्यच होती. चूक झाली ती पुढच्या पावलात. राष्ट्राच्या स्वाधीन झालेली मालमत्ता राष्ट्राकडे राहिली नाही. ती लिलावात निघाली. आणि लिलावात बोली लावतो तो ज्याच्याजवळ पैसा आहे तो. ज्या कुळांनी पिढ्यान्पिढ्या मठाला खंड भरला त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. व्यापारी, वकील, कंत्राटदार यांच्या वाट्याला पुष्कळ आले. क्लेर्वोची इमारत अशीच खाजगी हातांत गेली आणि तेथे काचेचा कारखाना निघाला.

१८०८ साली साम्राज्याच्या सरकारने ती परत विकत घेतली. जे राष्ट्राचे होते ते विकून, तेच पुन्हा राष्ट्राच्या पैशाने खरेदी करण्याचा हा व्यवहार झाला. देऊळ पाडले गेले ते त्यानंतर, १८१२ ते १८१९ या काळात. त्या वेळी जमाव नव्हता, लाल टोप्या नव्हत्या, क्रांतीची न्यायासने नव्हती. प्रथम सम्राट होता, नंतर धर्माचे नाव घेऊन सिंहासनावर परतलेला बूर्बाँ राजा होता. बर्नार्डचे देऊळ दगडांची खाण म्हणून वापरले गेले ते व्यवस्था, मालमत्ता आणि धर्म यांच्या रक्षकांच्या राजवटीत. विध्वंसाचे खापर क्रांतीच्या माथी फोडणाऱ्यांनी या सात वर्षांचा हिशेब द्यावा.

मठातला कारखाना

नव्या राजवटीला मठच तुरुंगासाठी का हवे होते, हे समजणे अवघड नाही. उंच तटबंदी, लांब दालने, वस्तीपासून दूरची जागा, पाण्याची सोय, हे सारे आयते मिळत होते. लुआर खोऱ्यातील फोंतव्रो, समुद्रातील माँ सँ मिशेल आणि क्लेर्वो हे तिन्ही मठ एकोणिसाव्या शतकात तुरुंग झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लेर्वोत पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून दोन हजारांहून अधिक माणसे कोंडलेली होती.

हा तुरुंग मुख्यतः कारखाना होता. सरकार कंत्राटदाराला दरडोई, दर दिवसाचा ठराविक पैसा देई. कैद्याला खाऊ घालणे, कपडे देणे ही कंत्राटदाराची जबाबदारी आणि कैद्याचे श्रम हा त्याचा हक्क. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की, अशा व्यवस्थेत कंत्राटदाराचा नफा दोन वाटांनी वाढतो: काम जास्त घेऊन आणि भाकरी कमी देऊन. कैद्याच्या मजुरीचे दहा हिस्से पाडले जात. त्यांतील किती त्याला मिळणार हे त्याच्या पूर्वीच्या शिक्षांवर ठरे. दर वेळी तुरुंगात परतणारा माणूस अधिकाधिक स्वस्त होत जाई.

या व्यवस्थेतून क्लोद गो याचे प्रकरण घडले. चोरीसाठी शिक्षा भोगणाऱ्या या कैद्याने १८३१ साली क्लेर्वोच्या कारखान्यातील प्रमुखाला ठार केले आणि १८३२ साली त्र्वा येथे त्याचा शिरच्छेद झाला. व्हिक्टर ह्यूगोने १८३४ साली या घटनेवर कथा लिहिली. तिच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट नाही. आहे ती भूक. तुरुंगाचे अन्न ज्याला पुरत नाही असा एक माणूस, आपली भाकरी त्याच्याशी वाटून खाणारा दुसरा कैदी, आणि त्या दोघांना निष्कारण एकमेकांपासून तोडणारा अधिकारी. पुढे 'ले मिझेराब्ल'मध्ये जो ह्यूगो जगाला दिसला त्याची जडणघडण अशा विषयांतून झाली.

तुरुंगातील स्वस्त श्रम बाहेरच्या कामगारांची मजुरी पाडतात, ही तक्रार फ्रेंच कामगार सतत करीत होते. १८४८ च्या क्रांतीनंतर अवघ्या महिन्याभरात, २४ मार्च रोजी, हंगामी सरकारने तुरुंगांतील काम थांबविण्याचा हुकूम काढला. जानेवारी १८४९ मध्ये, क्रांती ओसरताच, ते काम पुन्हा सुरू झाले. क्लेर्वोच्या भिंतींना या दोन तारखांचा अर्थ ठाऊक आहे.

१८८३ साली रशियन अराज्यवादी विचारवंत क्रोपॉटकिन या तुरुंगात आला आणि जानेवारी १८८६ पर्यंत येथे राहिला. राजकीय कैदी म्हणून त्याला बऱ्याच सवलती होत्या. पण शास्त्रज्ञाची नजर घेऊन आलेल्या या माणसाने सामान्य कैद्यांचे जीवन बारकाईने टिपले. लोखंडी पलंग, आरसे, चित्रांच्या चौकटी, मखमल, शिंपल्याच्या वस्तू असा नाना प्रकारचा माल येथे तयार होत असे. बाराव्या शतकात श्रमबंधूंनी आणि एकोणिसाव्या शतकात कैद्यांनी या एकाच जागी दुसऱ्याच्या हिशेबात जमा होणारे श्रम केले, हे सातत्य ज्याला दिसत नाही त्याला क्लेर्वो दिसले असे म्हणता येणार नाही.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात संन्याशांच्या जुन्या दालनांत लाकडी आणि जाळीच्या कोठड्या बसविल्या गेल्या. जेमतेम दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. कैद्यांनी त्यांना कोंबड्यांचे खुराडे असे नाव दिले. ही खुराडी १९७० च्या सुमारापर्यंत वापरात होती. पुढे कैद्यांना आवारातच बांधलेल्या नव्या इमारतींत हलविण्यात आले आणि जुन्या दालनांत ती खुराडी तशीच राहिली.

कोठडीतले राजकारण

समाजवादी चळवळीच्या दृष्टीने क्लेर्वोचे आणखी एक महत्त्व आहे. पॅरिस कम्यूनच्या पाडावानंतर ओग्युस्त ब्लांकीला १८७२ साली येथे आणले गेले. आधीच्या राजवटीत माँ सँ मिशेलच्या मठातही त्याने कोठडी भोगली होती; म्हणजे हा निरीश्वरवादी क्रांतिकारक आयुष्यात दोनदा 'मठवासी' झाला. एप्रिल १८७९ मध्ये बोर्दोच्या मतदारांनी या कैद्याला संसदेवर निवडून दिले. निवडणूक रद्द ठरविली गेली. पण जूनमध्ये त्याला सोडणे सरकारला भाग पडले. दुसऱ्या महायुद्धात, व्हिशी राजवटीच्या काळात, येथे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना डांबण्यात आले. १९४१ साली काही महिने येथे राहिलेला गी मोके हा सतरा वर्षांचा मुलगा त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला शातोब्रियाँ येथे इतर सव्वीस ओलिसांबरोबर गोळ्या घालून मारला गेला.

हीच गोष्ट अर्धवट सांगितली तर ती प्रचार ठरेल. युद्ध संपल्यावर याच तुरुंगात राजेशाहीवादी, ज्यूद्वेष्टा शार्ल मोरास यालाही ठेवले होते. या भिंतींनी आपले-परके पाहिले नाहीत. तुरुंगाचा वारसा म्हणजे केवळ हुतात्म्यांची नामावली नव्हे. सत्ता माणसाला कशी कोंडते, त्याची ती नोंद आहे.

सप्टेंबर १९७१ मध्ये ब्यूफे आणि बोंतँ या दोन कैद्यांनी येथील दवाखान्यात ओलीस धरले. एक परिचारिका आणि एक पहारेकरी प्राणास मुकले. ते दोघेही कष्टाची भाकरी खाणारे होते, हे विसरता येत नाही. बोंतँने स्वतः खून केला नाही, असे न्यायालयानेच मान्य केले. तरीही २८ नोव्हेंबर १९७२ रोजी दोघांचाही शिरच्छेद झाला. बोंतँचे वकील रोबेर बादँतेर यांना ती पहाट विसरता आली नाही. पुढे समाजवादी सरकारचे न्यायमंत्री म्हणून त्यांनी मांडलेल्या विधेयकाने ९ ऑक्टोबर १९८१ रोजी फ्रान्समधील देहान्त शिक्षा संपली. त्या कायद्याची एक वाट क्लेर्वोतून निघते.

आणि त्या वाटेला पुढे एक कटू वळणही आहे. जानेवारी २००६ मध्ये क्लेर्वोतील दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या दहा कैद्यांनी जाहीर पत्र काढून, आम्हाला जिवंत गाडण्यापेक्षा आमच्यापुरती देहान्त शिक्षा परत आणा, अशी मागणी केली. फासाचा दोर काढला म्हणजे न्याय झाला असे मानणाऱ्यांना ती चपराक होती. हे पत्रसुद्धा बर्नार्डच्या प्रवचनांइतकेच क्लेर्वोच्या वाङ्मयात मोडते.

शुद्धीकरणाचा दुराग्रह

आता 'मूळ शुद्ध रूप' परत आणण्याच्या आग्रहाकडे वळता येईल. हा आग्रह कोठे नेतो, याचा दाखला बर्नार्डनेच १११८ साली बर्गंडीत स्थापन केलेल्या फोंतने मठात मिळतो. क्रांतीनंतर तेथे कागदाचा कारखाना निघाला आणि १८२० साली तो माँगोल्फिए घराण्याकडे आला. १९०६ साली ल्योंचा एक धनाढ्य बँकर त्याचा मालक झाला. त्याने कारखान्याच्या इमारती पाडून मठाला मध्ययुगीन रूप परत दिले. फोंतने आज अत्यंत सुंदर दिसते, आणि १९८१ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. परंतु त्या सौंदर्याची किंमत म्हणून दीर्घकाळ तेथे कागद बनविणाऱ्या कामगारांची खूण जमिनीवरून नाहीशी झाली. मठ वाचला तो कारखान्यामुळेच. जिथे छप्पर उपयोगी पडत होते तिथेच ते शाबूत ठेवले गेले. ज्याने वाचविले त्यालाच पुढे अपवित्र म्हणून काढून टाकले.

इमारतीला एकच खरे वय असते आणि बाकीची वये म्हणजे तिच्यावर चढलेला मळ, ही कल्पना मुळातच वर्चस्ववादी आहे. समाजाबद्दल जो शुद्धतेचा सिद्धांत मांडतो तोच दगडांबद्दलही मांडतो. एक सुवर्णयुग होते, नंतर भ्रष्टता आली, आता मधला काळ पुसून टाकू या, ही भाषा भारतीय वाचकाच्या चांगल्याच परिचयाची आहे.

खर्च आणि मालकी

राहिला पैशाचा प्रश्न. एवढ्या अवाढव्य वास्तूची छपरे, कमानी, तट सांभाळणे खर्चाचे आहे, हे मान्यच केले पाहिजे. डाव्यांनी हा प्रश्न टाळला तर त्यांच्या वतीने तो बाजार सोडवील. बाजाराचे उत्तर ठरलेले आहे: भिंती सरकारने सार्वजनिक पैशाने दुरुस्त कराव्यात आणि आतल्या खोल्या गिऱ्हाइकाला भाड्याने द्याव्यात. फोंतव्रोचा तुरुंग १९६३ साली बंद झाला. त्यानंतरही काही कैदी दुरुस्तीच्या कामासाठी तेथे ठेवले होते आणि अखेरचे कैदी १९८५ साली गेले. मठाची डागडुजी करणाऱ्या हातांत कैद्यांचेही हात होते. आज त्या आवारातील एक भाग, जो मध्ययुगात कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी बांधला होता, हॉटेल म्हणून वापरला जातो. हॉटेल असणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न असा की, प्रवेशाचे मोल कोणाला परवडते आणि कोणाची आठवण खोलीच्या सजावटीत अडचणीची ठरते.

येथे बर्नार्डच साक्षीला बोलावता येतो. आपल्या काळातील श्रीमंत मठांवर त्याने जी टीका केली तिचा रोख असा होता की, देवळाचे दगड सोन्याने मढविले जातात आणि देवळाची लेकरे उघडी राहतात. दुसऱ्या धर्मयुद्धासाठी ११४६ साली माणसे भडकविणाऱ्या बर्नार्डशी समाजवाद्यांचे जुळण्यासारखे फारसे काही नाही. पण त्याचा हा एक निकष त्याच्याच मठाला लावायला हरकत नसावी.

तुरुंग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली जाहीर झाला तेव्हा त्याला कर्मचाऱ्यांनी विरोध केला. तो तुरुंगप्रेमापोटी नव्हता. त्या खेडवळ भागात दोन शतके तुरुंग हाच मोठा रोजगार होता. तो गेल्यावर गावाला केवळ हंगामी पर्यटकांचे चहापाणी करायला लावणे हा न्याय नव्हे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला गवंडी, सुतार, पाथरवट, काचकाम करणारे लागतात. हे कारागीर घडविणारी सार्वजनिक शाळा खुद्द क्लेर्वोच्या आवारात निघाली, तर जतनावरचा खर्च हा खर्च न राहता मजुरी आणि कौशल्य या रूपाने समाजात परत येईल. मालकी शासनाकडेच राहावी, तुरुंगाची दफ्तरे अभ्यासकांना खुली असावीत, खुराड्यांसारख्या कोठड्या श्रमबंधूंच्या दालनाइतक्याच काळजीने राखाव्यात, आणि पुढील निर्णयात गावकऱ्यांना व कामगार संघटनांना स्थान असावे. या मागण्या अवाजवी नाहीत. १७८९ च्या हुकुमाने जे राष्ट्राचे झाले ते या वेळी राष्ट्राचेच राहू द्या, एवढेच त्यांचे सार आहे.

आग्वादची आठवण

हा प्रश्न दूरच्या फ्रान्सचा आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. गोव्याचा आग्वाद किल्ला पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहिया यांना आणि १९५५ च्या सत्याग्रहानंतर ना. ग. गोरे, मधु लिमये यांना येथील कोठड्यांत ठेवले होते. त्याच किल्ल्याच्या परिसरात १९७० च्या दशकापासून आलिशान हॉटेल आहे. तुरुंग २०१५ साली हलविला गेला आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी तेथे संग्रहालय उघडले. संग्रहालय झाले ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या किल्ल्याचा जांभा दगड कोणी फोडला, आणि सत्याग्रहींच्या शेजारच्या कोठड्यांत ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत असे कोण कोण होते, हा प्रश्न तेथेही विचारावाच लागेल.

वास्तूंचे जतन हा हौशी मंडळींचा छंद आहे, असे मानून समाजवाद्यांनी हे क्षेत्र फार दिवस इतरांना सोडून दिले. त्याचा परिणाम असा की, राजवाडे राजांचे, मठ संतांचे, किल्ले सरदारांचे म्हणून राखले जातात. राबणाऱ्यांच्या वाट्याला पायाच्या दगडांतील मौन येते. क्लेर्वोत योगायोगाने उलटे घडले आहे. देऊळ गेले, मठाधिपतीचे वैभव गेले, आणि ज्यांना एक अक्षर वाचू दिले नाही त्या श्रमबंधूंचे दालन आठशेहून अधिक वर्षे उभे राहिले. पलीकडच्या इमारतीत कैद्यांची खुराडी उभी आहेत. या दोन खोल्यांमधल्या अंतरात फ्रान्सच्या श्रमाचा सारा इतिहास सामावलेला आहे. तो तसाच राहू द्यावा, आणि दोन्ही दारे सर्वांना विनामूल्य उघडी असावीत.